पन्नास इंचांचं दार

शनिवारी सकाळी मी मुरंब्यासाठी सफरचंदं सोलत होते आणि माझा नवरा क्लेटन समोर बसून सोललेल्या फोडी खात होता. त्यामुळे काम चाललं होतं, पण पातेलं भरत नव्हतं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा असून बाहेर वेड्यासारखी ऊब होती. दक्षिणेचा वारा सुटला होता, खिडक्या उघड्या होत्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

आमच्या गावात दार कुणी वाजवत नाही. लोक सरळ आत येतात आणि मग ओरडतात. टकटक झाली की समजायचं, एकतर कुणी तरी गेलं, नाहीतर कुणाला तरी काहीतरी मागायचंय.

दारात अर्विड. वय त्र्याहत्तर, एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारा. टोपी हातात होती. त्याच्या डोक्यावरून टोपी उतरलेली मी त्याआधी एकदाच पाहिली होती, तीन वर्षांपूर्वी, त्याच्या बायकोला, आर्लीनला पुरताना.

"कोण गेलं?" क्लेटनने विचारलं.

"कुणी नाही. मला रोझान हवीय."

"कायमची?"

"दुपारपर्यंत."

"मग ने. पण सफरचंदं सोलून जाऊ दे."

अर्विडने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाला, "नदीवर चल. वल्ही मारायला. हवेचा दाब पडतोय. स्वयंपाकघरातल्या वायुभारमापकाचा काटा रात्रीपासून असा घसरलाय, की मी दोनदा टिचकी मारून बघितलं, मेलाय की काय. दुपारी वारा फिरणार, आणि फिरायच्या आधीचा तास म्हणजे... आज नाही तर नाही."

आज नाही तर नाही, हे खरंच होतं. मंगळवारी त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरला त्याने विचारलं होतं, पुढच्या वर्षी गळ टाकता येईल का. डॉक्टर म्हणाला, बघू. त्र्याहत्तराव्या वर्षी डॉक्टर 'बघू' म्हणाला की त्याचा अर्थ काय, हे आमच्या गावात कुत्र्यांनाही कळतं.

"मी काय करणार रे?" मी म्हटलं. "मी आयुष्यात मस्की मासा धरलेला नाही. क्लेटनला ने."

"क्लेटनची सही डोरीन घेत नाही," अर्विड म्हणाला. क्लेटन फोडीकडे बघायला लागला.

हे जरा सांगायला हवं. डोरीनच्या बारमध्ये, बाटल्यांच्या वर, भिंतीवर एक दार आडवं ठोकलेलं आहे. पूर्वी ते बायकांच्या संडासाचं दार होतं. त्यावर पांढऱ्या रंगाने नावं आहेत. फ्लॅम्बो नदीत ज्यांनी पन्नास इंच किंवा त्याहून लांब मस्की धरला आणि सोडला, त्यांची. नाव, इंच, साल. चर्चमध्ये संगमरवरी पाटी आहे, युद्धात गेलेल्यांची. तिच्याकडे कुणी वर्षातून एकदा बघतं. दाराकडे रोज बघतात.

मासा सोडून द्यायचा असल्यामुळे पुरावा उरत नाही, म्हणून साक्षीदार लागतो. आणि साक्षीदार नात्यातला चालत नाही. सुरुवातीला चालायचा. मग एका वर्षी नदीत माशांपेक्षा मेव्हणे जास्त झाले, तेव्हा डोरीनच्या वडिलांनी नियम केला. आता चारशे वस्तीच्या गावात नात्यातलं नसलेलं माणूस आणायचं कुठून? तिघं-चौघं उरतात. पाद्री त्या आठवड्यात परगावी. पोस्टातल्या बाईने उन्हाळ्यात अर्विडच्या पुतण्याशी लग्न केलं, म्हणजे तीही गेली. राहिलो आम्ही दोघं, सव्वीस वर्षांपूर्वी मिलवॉकीहून आलेलो आणि अजून 'ते नवीन लोक' असलेलो. त्यातल्या क्लेटनने चार वर्षांपूर्वी एका बावन्न इंची माशाची साक्ष दिली होती. नंतर उघड झालं, की मासा एकोणचाळीसचा होता आणि साक्षीदार होडीत तोंडावर टोपी घेऊन पडला होता.

"मी झोपलो नव्हतो," क्लेटन म्हणाला. "डोळे मिटून लक्ष देत होतो."

"हिला सगळं दिसतं," अर्विड त्याला म्हणाला. "आणि खोटं बोलायचा आळस आहे हिला. असंच माणूस पाहिजे."

मी सुरी क्लेटनच्या हातात दिली आणि बूट घातले.

*

होडी पत्र्याची, सपाट बुडाची, तिच्यात आर्लीनची उशी अजून तशीच. मी त्या उशीवर बसले आणि वल्ही धरली. तीस वर्षं आर्लीनने याच जागेवरून या माणसाला नदीभर फिरवलं होतं, आणि बायको असल्यामुळे साक्षीला मात्र कधी चालली नाही.

अर्विड पुढे उभा राहिला. त्याचा लाकडाचा खोटा मासा माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, पोटाला तीन-तीन काट्यांचे गळ. तो फेकायचा, गुंडाळत आणायचा, आणि होडीला लागला की लगेच वर उचलायचा नाही. काठीचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, दोनदा, तीनदा. कारण मस्की हा प्राणी असा, की नदीभर मागे मागे येतो, होडीपाशी थांबतो, तुम्हाला वरून खाली न्याहाळतो आणि निघून जातो. लग्न ठरवायला आलेल्या मंडळींसारखा. आठ काढला तर शंभरातून एखादा भुलतो.

"हजार वेळा फेकल्यावर एक येतो म्हणतात," मी म्हटलं.

"दहा हजार. हजार म्हणणारे लोक पर्चसारखे चिमुकले मासे धरतात."

दर फेकीला तो खांदा धरून हलकेच कण्हत होता, आणि मी ऐकलं नाही असं समजत होता.

जुन्या लाकूडगिरणीच्या वळणावर त्याला हवी असलेली मादी राहत होती. तिचं नाव हेडबाई. त्या हंगामात ती तीनदा मागे आली होती. "येते, बघते, नापास करते आणि जाते," अर्विड म्हणाला. "बावीस वर्षं एका हेडबाईच्या हाताखाली बस चालवली. चेहरा अगदी तोच."

वाटेत त्याने नॉर्बर्टचा विषय काढला. अर्विड नदीवर असला की नॉर्बर्टचा विषय निघतोच. नॉर्बर्ट हा आर्लीनचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्याने मस्की धरला, साडेपन्नासचा. दारावर नाव आहे, वरून सहावं.

"माझ्या होडीत!" अर्विड म्हणाला. "माझ्या गळाला! मी लघवीला किनाऱ्यावर उतरलो, तेवढ्यात त्याने माझी काठी उचलून एकदा फेकली. एकदा! आणि माझ्याच मोजपट्टीने मोजला. वल्ह्यावर पाद्री बसलेला, त्याने सही केली. नऊ वर्षं, रोझान. नऊ वर्षं तो प्रत्येक शुक्रवारी तळलेला मासा खाताना मला विचारतो, अर्विड, आज लघवी केलीस का?"

मी हसले. हसू नये असं वाटत होतं, पण वल्ही हातातून सुटायची वेळ आली.

"हस. आर्लीनही हसायची. तिला दाराचं काही कौतुक नव्हतं. एकदा मला म्हणाली, पन्नासला असं काय होतं रे, जे एकोणपन्नासला होत नाही?"

"मग तू काय म्हणालास?"

"अजून विचार करतोय." त्याने पुन्हा फेकलं. "पण मंगळवारच्या आधी माझं नाव तिथे लागलं पाहिजे. मग खांदा कापून टाकू देत."

दहाच्या सुमाराला आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं. बारीक भुरभुर सुरू झाली, कोमट. मग तीही थांबली आणि वारा एकदम पडला. इतकं शांत झालं, की किनाऱ्यावरच्या बर्चचं पान गळताना टप् असा आवाज यावा. अर्विडने नाक वर केलं. "आता," तो म्हणाला, अगदी हळू, चर्चमध्ये कधी बोलत नाही तसा.

तिसऱ्या की चौथ्या फेकीला मला ती दिसली. लाकडी माशाच्या मागे एक ओंडका येत होता. ओंडक्याला डोळे होते.

"अर्विड."

"दिसतेय. वल्हं हलवू नकोस. श्वास घेऊ नकोस. पापणी..." आणि त्याने काठीचं टोक पाण्यात घातलं. पहिला आठ. हेडबाई थांबली. दुसरा आठ, जरा मोठा. ती वळली, सावकाश, हिरवट पाठीवरचे पट्टे एक एक मोजता यावेत इतकी सावकाश. तिसऱ्याच्या वळणावर तिने तोंड उघडलं, आणि मला आतली दातांची रांग दिसली. मग होडीच्या बाजूचं पाणी फुटलं.

पुढची चार-पाच मिनिटं अर्विड देव, येशू, हेडबाई आणि नॉर्बर्ट यांना एकाच वाक्यात घेत होता. काठी कमानीसारखी वाकली होती. त्याचा उजवा हात कधीच मेला होता, तो डाव्याने धरून पोटावर टेकून उभा होता. त्याच क्षणी वायव्येचा वारा आला. आला म्हणजे दार आपटल्यासारखा आला. पाणी काळं झालं, आणि साबुदाण्यासारखा बर्फ तोंडावर तडतडायला लागला.

"जाळी! तोंडाकडून! शेपटीकडून नाही गं बाई, तोंडाकडून!"

"घालतेय ना!"

"क्लेटनसारखी घालू नकोस!"

मी जाळी घातली. कशी, ते विचारू नका. ती आत गेली आणि जाळीचा दांडा माझ्या काखेत करकरला.

मस्कीला पाण्याबाहेर ठेवत नाहीत. जाळी पाण्यातच धरायची आणि तिथेच मोजायचं. अर्विडने पकडीने गळ सोडवले, मग सीटखालची मोजपट्टी काढली. पट्टी म्हणजे ॲश लाकडाची लांब काठी, लग्नाच्या वर्षी त्याने स्वतः बनवलेली. पाण्यावर तरंगते. खाचा दर इंचाला, आकडे मात्र तीनच: तीस, चाळीस, पन्नास. तिसाच्या आतला मासा मोजावा लागेल असं त्या वयात त्याला वाटलं नव्हतं. त्याने एक टोक माशाच्या नाकाला लावलं आणि पट्टी अंगालगत धरली.

"बघ. तूच बघ. मी बोलणार नाही."

मी वाकले. शेपटीचं टोक पन्नासच्या पुढे एक खाच.

"एक्कावन्न," मी म्हटलं.

पट्टी खाली टाकून त्याने हेडबाईची शेपूट धरली, तिला पाण्यात उभं केलं, मागे पुढे हलवलं. तिचे कल्ले उघडले, मिटले. मग तिने एक झटका दिला, त्याच्या तोंडावर बादलीभर पाणी उडवलं आणि गेली. नापास करून.

तो ओल्या तोंडाने बसून राहिला. मी पट्टी उचलून आत ठेवली, आणि ठेवताना पाहिलं. एका टोकाला लाल रंग होता, पाण्यात दिसावं म्हणून लावलेला. दुसऱ्या टोकाला नव्हता. तिथे नुसतं करवतीने कापलेलं लाकूड, करडं पडलेलं. नाकाला लावलं होतं ते हे टोक. तो लाल रंग मी आणखी कुठे तरी पाहिला होता, रोज पाहावा तसा. पण बर्फ कानात जात होता, हात बधिर होते, आणि मला वल्ही मारायची होती.

*

"आधी घरी," अर्विड म्हणाला. "कोरडे कपडे घालतो, टाय लावतो. दारावर नाव चढायचं म्हणजे टाय पाहिजे. मग डोरीनकडे."

त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती. तो आतून ओरडत होता, नॉर्बर्टला आधी फोन करावा की नॉर्बर्टने बारमध्ये येऊन स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. "वाचावंच! फोनवर तोंड दिसत नाही!" मी कप विसळायला मोरीशी गेले आणि समोरच्या खिडकीकडे बघितलं.

आर्लीन गेल्यापासून त्या घरात काही हललेलं नव्हतं. मोरीवरची खिडकी वर सरकवायची आहे, ती आपण होऊन थांबत नाही, खाली पडते. म्हणून तिच्याखाली एक लाकडाचा ठोकळा असतो. चर्चच्या जेवणावळींची भांडी आम्ही दोघींनी त्या खिडकीपाशी किती पुसली असतील. वाफ जाईल एवढी फट, बस. "दोन इंच," आर्लीन म्हणायची. "त्याहून जास्त उघडलं की आपण अस्वलांना उबदार ठेवतो." ठोकळ्याची एक बाजू लाल होती.

मी नळ बंद केला.

खरं सांगते, मी गप्प बसायचा विचार केला. कप पुसले, नीट, दोनदा. डोरीनच्या वहीत सही करायला किती वेळ लागतो? खोटं बोलायचा आळस आहे हिला, तो म्हणाला होता. आळसावर मात करता येते. पण मग मला आठवलं, तो मला का घेऊन गेला होता.

अर्विड टाय ओढत बाहेर आला. "काय बघतेस?"

"पट्टी दे इकडे."

"का?"

"दे रे."

मी ठोकळा काढला. खिडकी धाडकन खाली आली. ठोकळा मी पट्टीच्या कापलेल्या टोकाला लावला. लाकडाची रेघ रेघेला मिळाली, आणि पट्टीची दोन्ही टोकं लाल झाली.

अर्विडने चष्मा काढला, पुसला, घातला. पट्टी पाहिली, खिडकी पाहिली. टाय अर्धवट गळ्यात.

"एकोणपन्नास," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"खिडकी कधी बसवली आम्ही? छप्पर केलं त्या वर्षी. अकरा वर्षं." तो खुर्चीवर बसला. "त्यातली आठ वर्षं ही बया रोज मला मासे धरायला घेऊन गेली, आणि माझ्या पट्टीचा तुकडा घरी खिडकीला लावून गेली. मला दिसलं नाही."

"तुला विचारलं असेल तिने."

"विचारलं असेल. मी हो म्हटलं असेल." त्याने पट्टीवर हात फिरवला. "नवऱ्याला दोन इंच वाढवून देते आणि शब्द काढत नाही. अशी बायको मिळायला नशीब लागतं, रोझान."

मला कळेना हसावं की नाही. मग तो एकदम ताठ झाला. डोळे बारीक झाले. मी पाहिलं, तो मोजत होता.

"नॉर्बर्ट," तो म्हणाला.

"हं?"

"नऊ वर्षं! नॉर्बर्टचा मासा! याच पट्टीने!" तो उठला, पुन्हा बसला. "साडेअठ्ठेचाळीस! नॉर्बर्टचा साडेअठ्ठेचाळीस! आणि पाद्र्याने सही केलीय! देवाच्या माणसाने!"

मग त्याला हसू आलं, आणि ते थांबेना. दुखरा खांदा धरून तो टेबलावर डोकं ठेवून हसत होता, टायचं टोक कॉफीत. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "डोरीनला शिडी लावायला सांगतो. आणि पांढऱ्या रंगावर मारायला काळा रंग."

"सांगायला हवंच," मी म्हटलं. "तुझं नाव चढणार नसेल, तर त्याचं तरी कसं राहील?"

"तेच तर." त्याने फोनकडे हात नेला. माझ्या डोळ्यांसमोर शुक्रवारची संध्याकाळ आली, नॉर्बर्टचा घास अर्ध्यात थांबलेला. मलाही ते पाहायला आवडलं असतं, कबूल करते.

फोनवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

"ते विचारणार, पट्टी कुणी कापली," तो म्हणाला.

"विचारणार."

"मग तो शुक्रवारी माझ्याऐवजी तिच्यावर हसणार. सगळा बार हसणार. नॉर्बर्ट तर तिचाच भाऊ, तिने आईसारखा वाढवलेला. मी तिला तिथे नेणार नाही. तिला तो बार कधी आवडलाच नाही." त्याने हात काढून घेतला. "राहू दे गाढवाचं नाव. तसंही ते संडासाचं दार आहे."

"आणि तुझी हेडबाई?"

"ती एकोणपन्नासच आहे. डोरीनला सांग, हात भरून मासा होता, एकोणपन्नासचा, आणि अर्विड रडला. तेवढं खरं आहे ना?"

"रडलास?"

"होडीत. तुला वाटलं पाणी उडालं."

खिडकीच्या काचेवर साबुदाणा वाजत होता आणि स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं. तो उठला, ठोकळा माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आता गोंद शोधणार. त्याने डाव्या हाताने खिडकी वर ढकलली, ठोकळा जागेवर ठेवला, लाल बाजू आतल्या बाजूला, जशी होती तशी. वाफ फटीतून बाहेर जायला लागली. मग कापलेली पट्टी त्याने दाराच्या कोपऱ्यात उभी केली आणि टाय सोडून टाकला.

"डॉक्टर म्हणाला, बघू," तो म्हणाला. "वसंतात बर्फ वितळला की बघू. तू शिवतेस ना गं? तुझ्याकडे कपडे मापायची जुनी टेप असेल, तर मला एक दे."